खंडेनवमीला पुजलेली लाल बाटली

प्रिय समीक्षा,

काल सकाळी तू बसवायला लावलेली, धूर झाला की वाजणारी डबी आमच्या स्वयंपाकघरात कोकलली आणि तिथनं माझं सगळंच पालटलं. उद्या तुला बघायला पुण्याचा मुलगा येणार, हे कळल्यापासनं मी घरात कुणाशी धड बोलत नव्हतो. खंडेनवमी म्हणून आई कडाकण्या तळत होती. शेजारच्या शालूबाईंनी हाक मारली तशी गॅस चालूच ठेवून दारात गेली, आणि बोलणं लांबलं. मी धावत आलो तर कढई पेटलेली, अन् दादा भरली कळशी घेऊन तिच्याकडं निघालेले! पेटत्या तेलावर पाणी टाकलं की जाळ अंगावर येतो, हे तू किती बजावलं होतंस. मी कळशी हिसकली. माझा तापटपणा पहिल्यांदाच घराच्या कामी आला.

पण आग विझवायची बाटली भिंतीवर कुठाय? आईनं ती विळा-कोयत्याशेजारी पाटावर मांडून पुजलेली. 'घर राखती, मग हत्यारच की ती!' हळदीकुंकू, झेंडूची माळ, वर खिट्टीला तांबडा दोरा गच्च गुंडाळलेला. दातानं तोडला, खिट्टी ओढली. जाळ विझला तेव्हा बाटलीतल्या भुकटीनं बापलेक दोघं गिरणीतनं आल्यासारखे पांढरे. दादा खोकत म्हणाले, 'आरं, देवीपुरत्या तरी कडाकण्या सोडायच्या हुत्यास!'

याच दादांना विमा नको होता. 'सिमिटाच्या घराला कसला इमा?' पण स्वयंपाकघरात डबी आणि बाटली बसवली की हप्त्यात सूट मिळते, असं विमा कंपनीच्या वतीनं तू सांगितलंस आणि ते सरसावून बसले. 'सूट हाय व्हय? मग बसवा की!' सूट मिळायला बसवल्याचा फोटो पुरतो म्हणालीस. मी मुद्दाम हललेले फोटो पाठवत राहिलो, म्हणजे तुला साताऱ्याहून वडूजला यावं लागेल. आलीस, सगळं ओळखून हसलीस, आणि 'चुलीच्या डोक्यावर नको, रोज फोडणीला बोंबलेल' म्हणत स्टुलावर चढून डबीची जागा बदललीस.

आपलं सांगलीचं कॉलेज मी भांडून अर्ध्यात सोडलं, तेव्हाही 'आता काम काय करणार?' एवढंच विचारणारी तू एकटी. आज ठिबकची कामं घेतोय ती त्या प्रश्नामुळं. तुझे उपकार लय झाले बघ.

आज दसरा. आई सकाळीच म्हणाली, 'जिनं माझं कुंकू राखलं, तिला मागायला भ्यायचं काय रं?' म्हणून हे पत्र. फोनवर तू 'थांब' म्हणाली असतीस, मी चिडलो असतो. माझा मित्र रविराज मोटारसायकलवर हे पुढं आणतोय. मागनं आम्ही तिघं, तुझ्या बाबांना सोनं द्यायला आणि तुला मागायला. तुझ्या मनात नसेल तर रविराजला तसं सांग. सोनं देऊन, पाया पडून मुकाट परत फिरेन. आवाज चढवणार नाही, आईची शपथ. दादा गाडीतनं हॉर्न वाजवतायत. गॅस बंद केलाय, परत बघून आलो. निघालो, दार ओढून घेतो.

तुझाच,
ऋषिराज