तुझ्या आईची गोळी

प्रिय डार्लीन,

फोनवर बोलायला घेतलं की नेमकं सांगायचं तेच राहून जातं, म्हणून लिहायला बसलो. थंडी उणे तीसच्या खाली आहे. माझी गाडी काही सुरू होत नाही, पण शेजारचा मायरन रोज दुपारी मला आई असते त्या वृद्धांच्या होमवर सोडतो.

आईची बातमी चांगली की वाईट, हे मलाच कळेनासं झालंय. नाताळात तू पाहिलीस तेव्हा ती खुर्चीत मान टाकून बसली होती, लाळ गळत होती. आजार फार लवकर वाढला, असं तू जाताना म्हणालीस. मीही मान हलवली. जानेवारीत ग्लेंडा नावाची नवी नर्स आली. आईचे कागद चाळून तिने विचारलं की ही गोळी का सुरू केली? ही वेगळ्याच मानसिक आजाराची गोळी. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना या गोळीने गुंगी येते, तोल जातो, कधी जीवावरही बेततं. डॉक्टरांशी बोलून ग्लेंडाने ती हळूहळू अर्ध्यावर आणली.

दहा-बारा दिवसांनी मी आईला बोर्श्टचं सूप भरवत होतो. तिने माझ्या हातातला चमचा काढून घेतला, स्वतः खाल्लं आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, “तुम्ही कोण ते ठाऊक नाही, पण शर्टाची बटणं चुकीच्या काजात घातलीत. घरी बायको नाही का?”

मी हसलो, मग बाथरूममध्ये जाऊन रडलो. पाच महिन्यांत ती पहिल्यांदा बोलली होती. म्हणजे जे गेलं होतं ते आजाराने की गोळीने? ग्लेंडाला विचारलं. ती म्हणते, थोडं यानं, थोडं त्यानं.

पण आता चार वाजले की आई उठते. गाई धारेला खोळंबल्यात म्हणते, दार बडवते. परवा तिथे काम करणाऱ्या एका मुलीला तिने ओरबाडलं. मुली दोन आणि म्हातारे तीस, त्या तरी काय करणार? गोळी पुन्हा पूर्ण करा, असं व्यवस्थापक बाईंचं म्हणणं आहे. गुरुवारी बैठक आहे. निर्णय मी द्यायचा.

आता जे सांगायचं ते सांगतो. गोळी डॉक्टरांनी सुरू केली असं मी तुला म्हणालो होतो. ते खोटं होतं. ती मीच मागितली. गेल्या उन्हाळ्यात आई रोज वॉल्टरची वाट बघायची. माझ्या आधी तिचं ज्याच्याशी ठरलं होतं, तो. मी आलो की म्हणायची, तुम्ही जा, तो येईल आता. पंचावन्न वर्षांच्या संसारानंतर हे रोज ऐकवेना. हिला जरा गप्प करता येईल का, असं मी डॉक्टरांना विचारलं आणि कागदावर सही केली. ती खरंच गप्प झाली. मला बरं वाटलं, डार्लीन.

काल तिने परत वॉल्टरचं नाव घेतलं. तू गुरुवारी ये. रस्ते वाईट आहेत, तरी ये. मला एकट्याला विचारलं, तर मी पुन्हा हो म्हणेन.

तुझाच,
बाबा