डावी बाजू

वसतिगृह,
१४ तारीख, रविवार

प्रिय आई,

नमस्कार. मी बरी आहे. इथलं जेवण बेचव, पण पोट भरतं. फिजिओथेरपीच्या पहिल्याच वर्षाला इतकी हाडं पाठ करावी लागतात, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी दुसरा विचार केला असता. वर्गातल्या सापळ्याला आम्ही 'मामा' म्हणतो. परीक्षा आली की सगळ्यांना मामाचा लळा लागतो.

गेल्या रविवारी बाबा येऊन गेले. डबा पोचला. आत येताना ते फाटकाच्या डाव्या खांबाला आपटले. "खांब मध्येच बांधलाय लेकाच्यांनी," म्हणाले. मी हसले. मग माझी मैत्रीण डावीकडून येऊन "नमस्कार काका" म्हणाली, तर केवढे दचकले!

त्याच आठवड्यात आमचं दृष्टीचं प्रात्यक्षिक झालं होतं. समोरासमोर बसून एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने समोरच्याच्या नाकाकडे बघायचं आणि बाजूला धरलेली बोटं हलली की सांगायचं. मी म्हटलं, "बाबा, बसा ना, माझा सराव होईल."

उजवीकडे बोट हललं रे हललं की "हललं." डावीकडे मी हलवतेय, हलवतेय, ते गप्प. डोळा बदलला, तरी तेच. शेवटी मी हात खाली घेऊन मांडीवर ठेवला, तर म्हणाले, "हललं, हललं."

आई, ते अंदाज ठोकत होते.

"पास ना?" त्यांनी हसत विचारलं. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमच्या बाईंना विचारलं, कुणाचं ते न सांगता. त्या म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते, तेव्हा बिघाड बहुधा डोळ्यांत नसतो, मेंदूत असतो. मध्यंतरी काही झालं होतं का?"

तेव्हा मला बाबांना उन्हाळ्यात आलेली ती चक्कर आठवली. "ऊन लागलं, दोन दिवसांत उठून बसले," असं तू म्हणालीस. मी यायला निघाले तर नको म्हणालीस. का गं?

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. सुट्टीत मी घरी आले तेव्हा तू रस्त्याने त्यांच्या डाव्या हाताला चिकटून चालत होतीस. जन्मभर तर चार पावलं मागे असायचीस! जेवताना वाटी उचलून उजवीकडे ठेवत होतीस. मला वाटलं, या वयात प्रेम उतू चाललंय.

परवान्याच्या वेळी डोळे तपासले, असं म्हणशील. तिथे समोरची अक्षरं वाचून घेतात. समोरचं त्यांना स्वच्छ दिसतं. पण ते शाळेची बस चालवतात, आणि मुलं डाव्या दाराने उतरतात.

बुधवारी फोनवर मी एवढंच विचारलं, "बाबांना नीट दिसतं ना?" तू हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस. म्हणालीस, "कोण म्हणालं?" आणि मग, "निवृत्तीला थोडंच राहिलंय. चाललंय ते चालू दे. शिकलीस म्हणून काय घरच्यांचीच चिरफाड करशील?"

ते जिव्हारी लागलं. तरी शुक्रवारी मी शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन केला. नाव न सांगता करता आला असता. पण मग बाबा प्रत्येक ओळखीच्या माणसाकडे संशयाने बघत बसले असते. म्हणून सांगितलं, मी त्यांची मुलगी बोलतेय. उद्यापासून बसवर दुसरा चालक असेल.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. बाबांनी काल उचलला. म्हणाले, "आधी मला सांगायचंस ना गं."

मी म्हटलं, "तुम्हीही मला सांगायचंत."

इथल्या मेंदूच्या डॉक्टरांची पुढच्या सोमवारची वेळ घेतली आहे. बाबा येतो म्हणालेत. एकटं पाठवू नकोस. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण सोबत ये.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझी धाकटी