एकाच गाण्याच्या चार तबकड्या

चिरंजीव,

किल्ली फ्रिजवर आहे. दूध तापवून ठेवलंय. मी रेकॉर्डच्या दुकानात चाललोय, जेवायला थांबू नका.

काल तू माझं कपाट आवरलंस, उपकार झाले. ऐंशीच्या दशकातल्या न्यू वेव्ह नावाच्या इंग्रजी पॉपमधल्या एकेका गाण्याच्या चार-चार तबकड्या बघून सूनबाईला म्हणालास, "बाबांना विसर पडायला लागलाय, तेच तेच आणून ठेवतात." मी आतून ऐकत होतो. मग प्रत्येक गाण्याची एकच ठेवलीस आणि बाकीच्या दुकानदाराला देऊन आलास. ठेवलीस ती नेमकी छोटी, रेडिओवर वाजायची ती.

अरे शहाण्या, बाकीच्या मोठ्या तबकड्यांवर तेच गाणं नाचासाठी वेगवेगळ्या तऱ्हेने लांबवलेलं असतं. मध्येच गाणारा गप्प होतो आणि नुसते ड्रम नि सिंथेसायझर वाजत राहतात. तुझ्या आईला माझ्याबरोबर नाचायची लाज वाटायची. तेवढ्या भागात मात्र ती उठायची आणि गाणारा परत आला की हसत खाली बसायची. छोट्या तबकडीत तो भागच नाही.

त्याच ठेक्यावर शेजारचे आजोबा कुबड्या टाकून तीन मजले नाचत उतरले, असं मी तुम्हाला हजारदा सांगितलं, आणि तुम्ही मान डोलावलीत. आईचं खरं होतं, म्हणून कधी सांगितलं नाही.

तबकड्या विकल्या गेल्या असतील तर ज्याने घेतल्या त्याच्या दारात जाऊन बसेन. एकदा वाजव म्हणेन, मधला भाग झाला की उठेन.

कपाट माझ्या लेखी रिकामंच आहे, त्यात तुझे बूट ठेव.

तुझा विसराळू बाप