दत्ताच्या नावाची फियाट

नोएडा, सेक्टर २६
११ मार्च २०१९

श्रीमती वासंतीवहिनींस,

उल्हासचा साष्टांग नमस्कार. (डॉक्टरांनी कमरेत वाकायला मनाई केली आहे, तेव्हा तो खुर्चीत बसूनच घातला आहे असं समजा.) तुमच्या नावाआधी रीतीप्रमाणे जी दोन अक्षरं लिहायला हवीत ती लिहायला माझा हात सेहेचाळीस वर्षांत एकदाही धजलेला नाही, म्हणून नेहमीसारखं नुसतं श्रीमती. तुमचे गुडघे काय म्हणतात? अलकनंदा शाळेची मुख्याध्यापिका झाल्याचं कळलं. आनंद झाला, पण माझ्या डोळ्यांपुढे ती अजून दुपट्यातच येते, त्याला इलाज नाही. इकडे हेमलताला ऐकू येत नाही आणि मला दिसत नाही. बेल वाजली की मी ऐकतो आणि ती बघते, असा आमचा संसार व्यवस्थित चालू आहे. तुमचा तिळगूळ संक्रांतीच्या आदल्या दिवशीच पोचला. दर वर्षीप्रमाणे चार वड्या मोटारीत, पुढच्या काचेखाली ठेवल्या. बाकीचा आम्ही खाल्ला.

पत्राचं कारण ती मोटारच. गेल्या मंगळवारी ती सरकारने उचलून नेली. दारासमोर उभी होती, बॉनेटवर हेमलताची गोधडी वाळत होती, ती गोधडीसकट गेली. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोलच्या गाड्या या भागात ठेवायच्या नाहीत असा नियम आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण नियम माणसांच्या गाड्यांना असतात, आपल्या फियाटला कसला नियम, अशी माझी आपली समजूत होती. क्रेनवाल्याला मी म्हटलं, भाईसाहब, ये पंधरा साल की नहीं, उनचास साल की है. तो म्हणाला, फिर तो अब तक तीन बार उठनी चाहिए थी. हिशेब बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी यार्डात गेलो. यार्ड म्हणजे मोटारींचं स्मशान. एकीकडे रांगेत उभ्या केलेल्या, दुसरीकडे कापून रचलेल्या, आणि मधे टेबल टाकून बसलेला एक सभ्य कारकून. त्याने सांगितलं, तीस तारखेपर्यंत मालकाने येऊन गाडी इथून कायमची बाहेर नेतो असं लिहून दिलं तर सोडू, नाही तर कापायला जाईल. मालिक को ले आइए. मी म्हटलं, मालिक तो गुज़र गए. कब? तिहत्तर में. त्याने पेन खाली ठेवलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, तो पिछले जून में लाल बत्ती किसने तोड़ी? वहिनी, ते चलन दत्ताच्या नावावर आहे, फोटोसकट. फोटोत नंबर स्वच्छ दिसतो, चालवणाऱ्याचं तोंड दिसत नाही, एवढीच देवाची कृपा.

हे असं का झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी मोटारीची कुळकथा एकदा कागदावर यावी. आम्ही तिघं, दत्ता, शशिकांत आणि मी, एकाच मंत्रालयात एकाच खोलीत बसायचो आणि सरोजिनीनगरच्या एकाच ओळीत राहायचो. चौसष्ट साली तिघांनी मिळून मोटारीसाठी नंबर लावला. नाव एकाचंच घालायचं म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, दत्ताचं निघालं. सत्तर साली फिकट निळी फियाट आली, तोवर शशिकांतच्या डोक्यावरचे केस गेले होते. रविवार पाळीने वाटून घेतले. दत्ता कसा चालवायचा ते आठवतं ना? चाळिसाच्या वर काटा नाही, वळणाच्या पन्नास पावलं आधी हॉर्न, आणि डाव्या हाताची ती सैल अंगठी सारखी स्टिअरिंगवर टकटक वाजायची. मागे बसलेल्या माणसाला वाटे, कुणी तरी दार ठोठावतंय.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत तुम्ही बाळंतपण आटोपून पुण्यातच होता. तार मिळाल्यावर अलकनंदाला घेऊन आलात. स्टेशनवर शशिकांत उतरवून घ्यायला होता. छातीत कळ आली, लगेच मोटारीत घातलं, मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात टेकवलं, पण हॉस्पिटल यायच्या आत गेला, असं त्याने तुम्हाला सांगितलं. तुम्ही त्या कोपऱ्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, निदान आपल्या गाडीत गेले, परक्याच्या दारात नाही. मग पुण्याला परत जाताना म्हणालात, गाडी विकू नका, ती सीट बदलू नका.

आम्ही नाही बदलली. कागद तुमच्या नावावर करायला तुमची सही हवी होती, पण तेरावा होतो न होतो तोच तुमच्यापुढे फॉर्म धरायचा कुणी? शशिकांत म्हणाला, वर्षश्राद्ध होऊ दे. मग वाटलं, पोरगी जरा मोठी होऊ दे. मग पोरगी मुख्याध्यापिका झाली. संकोचाचं हे असं असतं, वहिनी, त्याला मुदतच नसते.

पुढची पंचवीस वर्षं मोटार शशिकांतकडे, गाझियाबादला. लग्न त्याने केलं नाही (कुणी विचारलं तर मोटारीकडे बोट दाखवायचा). मागच्या डाव्या कोपऱ्यात त्याने कधी कुणाला बसू दिलं नाही. पाहुणे चार असले तर चौथा बसने यायचा. त्याची सख्खी बहीण एकदा चुकून तिथे बसली, तिला त्याने मोहननगरला उतरवलं, ती पुढे सात वर्षं बोलली नाही. रिटायर झाल्यावर तो रोज सकाळी पेपर घेऊन मोटारीत जाऊन बसायचा. अठ्ठ्याण्णव साली तसाच बसल्या जागी गेला. शेजाऱ्यांना दुपारी दोनपर्यंत पत्ता नाही, कारण बसलेला रोजच्यासारखाच होता. फक्त पान उलटलं नव्हतं.

तेव्हापासून ती माझ्याकडे. दर वर्षी विम्याच्या कागदावर दत्ताची सही मी करत आलो. आता हात थरथरतो, बँकेत माझी स्वतःची सही जुळत नाही म्हणून चेक परत येतो. दत्ताची मात्र अजून झोकात येते.

असो. फार लांबलं. मोटार गेली तर तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिलं. लोभाचं म्हणाल तर खालचं वाचून झाल्यावर उरला तर असू द्या.

तुमचा,
उल्हास

ता. क. सोबत फॉर्म आणि हमीपत्र जोडलं आहे. दत्ताची वारस म्हणून तुमची आणि अलकनंदाची सही लागेल. पेन्सिलीने फुल्या केल्या आहेत, तिथे. सह्या वीस तारखेपर्यंत हातात पडल्या तर मोटार ट्रकवर चढवून पुण्याला पाठवतो. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. दुसरा. सह्या आधी घ्याव्यात आणि हे मागाहून लिहावं, असं माझ्या मनात आलं होतं. तसं केलं नाही, एवढंच माझ्या बाजूने बोलण्यासारखं आहे. दत्ता मोटारीत गेला नाही. मोटार त्या दिवशी दिल्लीत नव्हतीच. चौदा जानेवारीचा रविवार दत्ताच्या पाळीचा होता. आमचे साहेब अण्णासाहेब, त्यांना संक्रांतीला पानिपतावर काला अंबला जाऊन डोकं टेकायचं होतं आणि माझ्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता. मी दत्ताकडे चावी मागितली. त्याने एका शब्दाने कारण विचारलं नाही. म्हणाला, घेऊन जा रे, ही पुण्याला, मला आज कुठे जायचंय? दहाच्या सुमाराला त्याला कळ आली. धुकं दाट, सुट्टीचा दिवस, ना टॅक्सी ना स्कूटर. शशिकांतने त्याला भाजीवाल्याच्या हातगाडीवर घातलं आणि स्वतः ढकलत निघाला. दत्ता वाटेतच गेला, बंद असलेल्या एका कापडाच्या दुकानाच्या पायरीपाशी. त्याच वेळी मी काला अंबच्या खांबापाशी उभा राहून साहेबांना लढाईत भाऊसाहेब कुठे उभे होते ते हात करून दाखवत होतो. मोटार जाता-येता एकदाही बंद पडली नाही. बढती मला मार्चमध्ये मिळाली. तुम्हाला खोटं सांगितलं ते शशिकांतने, तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी, आणि पुढची पंचवीस वर्षं त्या रिकाम्या कोपऱ्याची राखण केली. मी तेवढंही केलं नाही. मला क्षमा मागायची आहे, पण त्याचा फॉर्म कुठे मिळतो ते मला माहीत नाही.

ता. क. तिसरा. सही करावीशी वाटली नाही तर करू नका. तीस तारखेला मी यार्डात जाऊन उभा राहीन, तिला एकटीला जाऊ देणार नाही. पण केलीत, आणि ती पुण्याला आली, तर मागे बसू नका, वहिनी. मागे काही नाही. पुढे स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला बोट फिरवून बघा. अंगठी आपटून आपटून तिथे खाच पडली आहे. ती त्याची आहे. ती खरी आहे.