गव्हाणच्या घरातली खिडकी

आई,

आज सकाळी डाळीला लसणाची फोडणी दिली आणि मला वासच आला नाही. आधी वाटलं, लसूण जुना असेल. मग तो करपला, घरभर धूर झाला, हे बाहेरच्या खोलीतून ओरडले, तरी माझ्या नाकाला पत्ता नाही. बामाची बाटली नाकाशी धरली तर डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही. तू गेलीस तेव्हा हा आजार जगात नव्हता, म्हणून तुला सांगते, हल्ली वास गेला की माणसं आधी घाबरतात आणि मग डॉक्टरांना फोन करतात. मी गॅस बंद केला, तपासणीला नमुना देऊन आले आणि मागच्या खोलीत दार लावून बसले. रिपोर्ट यायचा आहे. पण भीती मला माझी नाही. परवाच मी गव्हाणला जाऊन आले, तुझ्या म्हातारीकडे.

तुझी म्हातारी म्हणजे मिठागरावरची, जिला तू वचन वाचून दाखवायचीस. चर्चची बायबलबाई म्हणून तू घरोघर फिरलीस, कुणी चहा पाजला, कुणी दारातूनच वाटेला लावलं. या एका बाईनं मात्र तुला आत घेतलं आणि तू जाईपर्यंत सोडलं नाही. तिनं बाप्तिस्मा घेतला नाही, देव्हारा हलवला नाही, पण आठवड्यातून एकदा तुझ्याकडून गाणं ऐकल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. आणि गाण्याआधी तू ती एकुलती एक खिडकी लावून घ्यायचीस. मला आठवतं, मी शाळेत आहे, मे महिना आहे, पत्र्याखाली जीव नकोसा झालाय आणि मी उठून खिडकी उघडते. तू गाणं अर्ध्यात तोडून माझ्यावर अशी कडाडतेस की म्हातारीच मध्ये पडते. परतीच्या वाटेवर तू एवढंच म्हणालीस, "आपण गाऊन घरी जातो. तिला इथंच राहायचंय. गाव म्हणेल, बाटली." मी तेव्हा फुगून बसले होते. पण पुढे तुझं काम आणि तुझी बायबलची कापडी पिशवी माझ्या हातात आली तेव्हा त्या घरात शिरल्यावर माझा हात आपोआप खिडकीकडेच गेला.

या साथीत सगळी उपासना मोबाइलवर गेली आहे. सगळे एकदम आमेन म्हणतात आणि मासळीबाजार भरतो. पाळकसाहेबांनी बजावलं आहे, रेशनची पाकिटं दारात ठेवा, प्रार्थना फोनवर करा, कुणाच्या घरात शिरू नका. शहाणा माणूस आहे, मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण म्हातारी आता जवळजवळ बहिरी आहे. फोन तिच्या कानाला लावला तर ती तो हातात घेऊन उलटापालटा बघते. तिला गाणं ऐकू जायचं तर तोंड कानाशी न्यावं लागतं, आणि मास्कमधून तेही जमत नाही.

परवा मी स्कूटरवर पिशवी अडकवून निघाले. रस्त्यावर द्रोणागिरीकडे जाणारे कंटेनर आणि रुग्णवाहिका, बाकी चिटपाखरू नाही. गव्हाणात दारं लागलेली, पारावर कुणी नाही, एका अंगणात नुसत्या चपला पडलेल्या. म्हातारी खाटेवर बसली होती. मला बघून तिचं तोंड असं फुललं की मी पाकीट दारात ठेवून मागे फिरणारच नाही हे माझं मलाच कळलं. तिची सून स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती, पुढे आली नाही. मला वाटलं, नियम पाळतेय. मी खिडकी लावली. मास्क काढला. म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन तिची सगळी आवडती गाणी म्हटली. ती डोलत होती. बंद खोलीत, आई. सगळं जग घसा फोडून सांगतंय खिडक्या उघडा, आणि मी तुझी शिकवण पाळत बसले.

आज दुपारभर फोन हातात घेऊन बसले होते. सांगितलं तर गावात बभ्रा होणार, चर्चची बाई घरात रोग घालून गेली. पुन्हा त्या गल्लीत आपल्यापैकी कुणाला पाय ठेवता येणार नाही, तुझी सगळी पायपीट पाण्यात. न सांगावं तर त्या घरात एक म्हातारी आहे, तिला वेळेत दवाखाना मिळायला हवा. तुला विचारावंसं वाटलं, तू असतीस तर काय केलं असतंस. शेवटी लावला फोन. सुनेनं उचलला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

पलीकडे ती खोकली. मग म्हणाली, "ताई, तुमी कशाला माफी मागता? मना तर तुमी यायच्या आधीपासून वास नाय. म्हातारीला पन ताप होता. मी सांगनार होते तुमाला. तीच हात जोडून बोलली, सांगू नको, कललं तर ती यायची नाय."

मी विचारलं, आता कशी आहे.

"दम लागतो. गाडी बोलावली हाय, येते बोलतात. वारा लागावा म्हनून मी खिडकी उघडली, तर हातानं सारकी खुणा करते, लाव, लाव. तिला वाटते तुमी आल्याव, गानी म्हननार."

ती विचारत होती, "काय करू ताई? लावू का?"

"नको," मी म्हटलं. "उघडीच ठेवा. सताड उघडी ठेवा." तुझ्या माघारी तुझा शब्द मी पहिल्यांदाच मोडला. फोनमधून खाट कुरकुरल्याचा आवाज आला, म्हातारीचा धापा टाकणारा श्वास आला, आणि मग सून कुणाला तरी "हितं, हितं" म्हणत बाहेर धावली. गाडी आली असावी. त्यानंतर फोन लागत नाही.

आता अंधारून आलंय. ह्यांनी दाराबाहेर ताट ठेवलंय, त्यालाही वास नाही. हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणूनच एक गोष्ट लिहून ठेवते, तू समोर असतीस तर बोलले नसते. सुनेनं सांगितलं की आजार आधीच त्यांच्या घरात होता, तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की चला, मी नाही नेला. मला हायसं वाटलं, आई. म्हातारीची आठवण त्यानंतर आली.