लोहार आहात ना, मग नाल ठोका

१ मार्च, मंगळवार

आज पुन्हा तेच! दुकानासमोर झाडून होतंय न होतंय तोच गाडी थांबली. काच खाली. "काकू, घोड्याची नाल मिळेल का? दाराला लावायची आहे. नशीब उघडतं म्हणतात."

म्हटलं, "घोड्याच्या चारी पायांना असते. त्याचं कुठं उघडलं?"

काच वर. गेले.

आत ऐरणीपाशी हे उभे होते. ऐकलं सगळं, पण हसले नाहीत. पूर्वी असं काही बोलले की हातोडा खाली ठेवून हसायचे.

लग्न ठरलं तेव्हापासून हेच सांगत आलेय. वडील म्हणाले होते, "बी.ए. झालेली पोर घोड्याच्या लाथा खाणाऱ्याला देऊ?" तेव्हाही म्हटलं होतं — अहो, त्या माणसाने जन्मात घोड्याचा पाय उचललेला नाही! लोहार लोखंडाला ओळखतो, नालबंद घोड्याला. एकेकाळी लहान गावात एकच माणूस दोन्ही करत असेल. त्या काळात म्हणे न्हावी दातही काढायचा. मग आता दाढ दुखली की न्हाव्याकडे जाता का?

वडिलांना पटलं नाही. लग्न झालं. मग जावयाकडून कोयत्या, विळ्या, फाटकं सगळं करून घेतलं आणि शेवटपर्यंत ओळख करून देताना म्हणायचे, "हे आमचे जावई. घोड्यांचं बघतात."

४ मार्च, शुक्रवार

घोडेस्वारीचा नवा क्लब निघालाय गावाबाहेर, त्याची मालकीण आली होती. उंच बूट, डोक्यावर चष्मा. तिचा नालबंद भांडून निघून गेलाय. दुकानात शिरली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "बाप रे, किती अंधार! काका, तुम्ही लोहार आहात ना? मग आमच्याकडेच या की कायमचे. आठवड्यातून चार घोडे. ही धग नाही, धूर नाही. या वयात कशाला हे?"

मी तोंड उघडणार, इतक्यात हे म्हणाले, "बघतो."

बघतो!

वाचनालयाच्या फाटकाची एक झडप दिवाळं निघाल्यासारखी एकटीच लटकतेय. दुसरी इथं दुकानाच्या कोपऱ्यात अर्धवट पडली आहे. वेलीची पानं अजून घडवायची आहेत, एकेक पान हातानं. एवढं मोठं हातकाम या दुकानात परत येणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. बाकी सगळे कारखान्यातली जाळी आणून वेल्डिंग मारतात. ही झडप झाली की दुकान ताठ मानेनं बंद करू, असं ह्यांचंच म्हणणं होतं. आणि आता घोडे!

ती गेल्यावर विचारलं, "बघतो म्हणजे काय बघता?"

"बघतो म्हणजे बघतो."

बोलताना माझ्या कानाकडे बघत होते. तोंडाकडे बघायची लाज वाटते.

५ मार्च, शनिवार

बोलत नाहीत. मीही नाही.

७ मार्च, सोमवार

ऐरणीच्या डोक्यावर ट्यूबलाइट लावली! मी बाजारात गेले तेवढ्यात वायरमन बोलावून.

हसावं की रडावं? लोकांना वाटतं लोहार चिक्कू असतो, दिवा लावत नाही. नाहीतर गबाळा असतो, खिडक्या पुसत नाही. अरे, अंधार मुद्दाम ठेवलेला असतो! तापलेल्या लोखंडाचा रंग उजेडात कळत नाही. आणि रंग कळला नाही तर लोहार कसला, नुसता हमाल. लालभडक म्हणजे फार तापलं असं जगाला वाटतं. लाल ही सुरुवात. मग नारिंगी, मग पिवळा, मग पांढऱ्याकडे जातो. नारिंगीला वाकतं, पिवळ्याला हवं तसं घडतं. एक लोखंड दुसऱ्याला जोडायचं तर पांढऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत न्यायचं आणि उंबरा ओलांडू द्यायचा नाही.

हे मला कोणी शिकवलं? ह्यांनीच. लग्न नवं होतं. भट्टीपाशी खोक्यावर बसवायचे आणि म्हणायचे, "बघ. आता नाही. आता नाही. अजून नाही... आता!" आणि घण पडायचा. कॉलेजात तीन वर्षं इतकं लक्ष देऊन काही ऐकलं नव्हतं.

त्याच माणसाने ट्यूबलाइट लावली.

विचारलं, "मालकीणबाईंना अंधारात भीती वाटते म्हणून का?"

"असू दे." कानाकडे बघत.

१० मार्च, गुरुवार

लोखंड जाळलं!

ठिणग्यांचं कारंजं उडालं भट्टीतून. बाहेर काढलं तर पानाचं टोक भुसभुशीत — साखरेचा खडा पाण्यात पडावा तसं. शिकाऊ माणसाच्या हातून होतं हे, पहिल्या महिन्यात. ह्यांच्या हातून झालेलं मी पाहिलं नव्हतं.

"लक्ष कुठं आहे? तबेल्यात?"

सांडस खाली ठेवली. पंचाला हात पुसले आणि बाहेर जाऊन बसले.

दुपारी नणंद आली. कोपऱ्यावरच राहते, तिला वास लागतोच. "वहिनी, किती टोचतेस गं त्याला! वय झालं त्याचं. घोडे तर घोडे. नाल काय नि पान काय, लोखंडच ना?"

"तुमचे मिस्टर कापडाच्या दुकानात होते. उद्या शस्त्रक्रिया करतील का? सुई-दोराच ना?"

"तुझ्याशी बोलायची सोय नाही." चहा मात्र पिऊन गेली.

१२ मार्च, शनिवार

दोन पोरं आणि एक पोरगी, मोबाइल घेऊन. "काका, व्हिडिओ काढू? जरा जोरात मारा ना! अजून जोरात!"

लोहार म्हणजे दंड, लोहार म्हणजे घाम, लोहार म्हणजे धाडधाड! सोनाराचे शंभर घाव आणि लोहाराचा एक, ही म्हण ज्याने काढली त्याने लोहार लांबून पाहिला असणार. लोहाराचेही शंभरच असतात, आणि त्यातले निम्मे हळू. जोरात मारतो तो नवशिका. आणि पेपरवाले! रोज कुठला ना कुठला प्रश्न त्यांच्या ऐरणीवर आलेला. कोणी विचारतं का, तापवून आणलाय की गारच?

हे असं बोललं की ह्यांना आवडायचं. आज पोरांनी सांगितलं तसं मारत राहिले. गार लोखंडावर! पोरं खूश.

मला तिथं थांबवेना.

१४ मार्च, सोमवार

गेलेच शेवटी क्लबात. तांबड्या घोडीला पुढच्या दोन्ही पायांना नाल ठोकून आले. अंगाला खुराचा जळका वाससुद्धा नाही, कारण काही तापवलंच नाही. नाल हल्ली खोक्यात तयार येते, बुटासारखी, मापाप्रमाणे. गार ठोकायची.

"हाताला कळतं," म्हणाले. "पाय मांडीत धरायचा. हात फिरवायचा. सोपं आहे."

"का? एवढंच सांगा. का?"

"तिथं तापवावं लागत नाही."

आळस! चाळीस वर्षं ज्या आगीनं पोसलं तिचा कंटाळा. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, बाबांना झेपत नसेल." तीही त्यांचीच. झेपत नसेल तर झेपत नाही म्हणावं माणसानं. घोड्याआड कशाला लपावं?

१७ मार्च, गुरुवार

घोडी लंगडली.

हे मला क्लबातून कळलं नाही, नालबंदाकडून कळलं. तोच, भांडून गेलेला. घोडी पाय टेकेना म्हणून मालकीणबाईंनी हातापाया पडून त्याला परत बोलावलं. त्याने खिळा उपसला आणि तडक मोटरसायकल काढून आमच्या दारात. उपटलेली नाल हातात. गल्लीतली सगळी डोकी बाहेर.

"काका! लोखंडात खिळा चुकला तर लोखंड ओरडत नाही. हिच्या खुरात मांस आहे, मांस!"

हे ऐरणीवर हात ठेवून उभे.

"खुराच्या तळाला पांढरी रेघ असते, काका. रेघेच्या बाहेर खिळा. आत गेला की मांसात. हाच तर आमचा सगळा धंदा! ती रेघ आंधळ्यालाही दिसेल. तुम्हाला दिसली नाही?"

मला राहवेना. "आमच्या दारात उभं राहून ह्यांना बोलायचं नाही! ते नालबंद नाहीत! लोहार आहेत, लोहार!"

त्याने माझ्याकडे बघितलं. "मग मी तरी दुसरं काय म्हणतोय, काकू?"

गल्ली हसली. माझं वाक्य — उभा जन्म वापरलेलं — माझ्याच तोंडावर.

मग तोही जरा ओशाळला. नाल फाटकाच्या अर्धवट झडपेवर अडकवली. "घोडी होईल बरी. पाय शेकायला सांगितलाय. पण काका, परत नका हात लावू. मी तुमची भट्टी पेटवायला आलो तर तुम्ही मला उभं कराल का?"

हे म्हणाले, "चुकलं."

एवढंच. त्याच्या कानाकडे बघत.

१८ मार्च, शुक्रवार

गावभर झालंय — लोहाराने घोडी लंगडी केली. भाजीवाली म्हणते, "अहो, ते नालबंदाचं काम ना? लोहारानं कशाला करावं?" किराणावाला म्हणतो, "दोन्ही वेगळं असतं ना, काकू?" वा! आता सगळ्यांना फरक कळला. इतकी वर्षं घसा फोडून सांगितलं तेव्हा काय कानात बोळे होते?

नणंदेलाही कळला. तिने येऊन मलाच समजावून सांगितला.

आज दुपारी ह्यांच्यासमोर उभी राहिले आणि स्पष्ट बोलले. दुसरी झडप करायची की नाही? करायची नसेल तर मी उद्या वाचनालयात जाऊन सांगते, होणार नाही म्हणून. दुकानाला कुलूप लावू. पण घोडी नको, ट्यूबलाइट नको, आणि गार लोखंडावर पोरांसाठी धाडधाड तर मुळीच नको. लोहार म्हणून राहिलात तसे लोहार म्हणून थांबा. एवढं तरी माझ्यासाठी.

ते बराच वेळ अडकवलेली ती नाल बोटांनी चाचपत होते. खिळ्यांची भोकं, कडा, परत भोकं.

"रविवारी भट्टी पेटवू," म्हणाले. "तू तिथं थांबशील?"

म्हटलं, "पहारा द्यायला?"

"तसं समज."

२० मार्च, रविवार

ट्यूबलाइट त्यांनीच बंद केली. सळई भट्टीत सारली. मला जुन्या जागी, खोक्यावर बसवलं आणि म्हणाले, "रंग सांग."

मला थट्टा वाटली.

"मधलं दिसत नाही मला. कडेकडेचं दिसतं. समोर डाग. तुझ्या तोंडाच्या जागी डाग आहे, कानाकडे बघितलं की थोडी दिसतेस. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवून आलो. आगीनं झालं की वयानं, त्यांनाही सांगता येत नाही. नजर पुन्हा येणार नाही, एवढं सांगता येतं."

"कधीपासून?"

"पहिली झडप लागली तेव्हापासून. वाटलं, घोड्याला रंग लागत नाही. रेघ लागते हे ठाऊक नव्हतं."

घोडीच्या लाथेखाली जाऊन बसणं सोपं वाटलं ह्या माणसाला, मला सांगण्यापेक्षा! हे मी बोलले नाही. सळई तापत होती.

लाल, म्हटलं. लालच. नारिंगी. थांबा — अजून नारिंगी. अजून नाही. कडेला पिवळा. अजून नाही...

आता!