गवतातल्या गाठी

चि. योगेश,

फोनवर तू ऐकून घेत नाही, म्हणून लिहून राहिली.

बाबांनी पाखरं अन् माळ राखणाऱ्या ट्रस्टसंगं करार केला तवा तू भांडला होता. शेत आपलंच राहीन, पण अर्ध्यात भाजीपाला, अर्ध्यात गवत. गवतात नांगर नाही, अन् प्लॉट तर कधीच नाही.

टिटवीनं जमिनीवर अंडे घातले की बाबा बाजूच्या गवताले गाठ मारत, आठवते? मंग तिथं कोणी पाय ठेवत नव्हतं.

बाबा गेल्याले आता तिसरं साल. बुधवारी ट्रस्टची देवश्री दरसालची पाहणी कराले आली. म्हणे, "ताई, ह्या गाठी कोण मारते?" मी म्हटलं, मीच. पण मी गवतात जातच नाही. बाबा डावखुरे, त्यायची गाठ उलटी बसे. देवश्रीसंगं जाऊन पाहिलं, तं ह्या साऱ्या उलट्या होत्या. एकीपाशीही अंडं नव्हतं. तू प्लॉटवाल्याले जिथून फिरवलं, त्याच वाटेनं ओळीनं होत्या.

करार मोडाले दोघा भावंडांची सही लागते. तू रोज मागं लागला, म्हणून काल तुह्या वकिलाच्या कागदावर मी सही केली.

आज सकाळी दार उघडलं. अंगण कालच सारवलं होतं, गवताची काडी नव्हती. आता गुडघ्याएवढं गवत आहे, अन् गाठी पार उंबरठ्यापर्यंत.

हे पत्र टाकाले बाहेर पडा लागते. मी दारातच उभी आहे. पाय कुठं ठेवू, तूच सांग.

तुही ताई,
गीतांजली